स्वभावात पेरलेली सूचना : रूपकात्मक कादंबरीचा एक आढावा

रूपकात्मक कादंबरीचा अभ्यास बहुतेक वेळा दोन रकान्यांच्या कोष्टकाने सुरू होतो. डावीकडे पात्रे आणि वस्तू, उजवीकडे त्यांचे अर्थ. विल्यम गोल्डिंग यांची ‘लॉर्ड ऑफ द फ्लाइज’ असेल तर शंख म्हणजे लोकशाही, पिगी म्हणजे बुद्धी, जॅक म्हणजे हिंसक सत्ता आणि सायमन म्हणजे संतत्व. जॉर्ज ऑर्वेल यांची ‘अ‍ॅनिमल फार्म’ असेल तर नेपोलियन म्हणजे स्टालिन, स्नोबॉल म्हणजे ट्रॉट्स्की आणि बॉक्सर घोडा म्हणजे राबणारा कामगार. त्यानंतर पूर्वसूचनांची एक वेगळी यादी येते : अमुक प्रकरणातील अमुक प्रसंग पुढच्या तमुक घटनेची चाहूल देतो. या याद्यांमध्ये चुकीचे असे फारसे काही नसते. तरीही त्या पूर्ण झाल्यावर कादंबरी हातातून निसटलेली असते, कारण मुळातला प्रश्न विचारलाच गेलेला नसतो. ज्या गोष्टीचा अर्थ आणि शेवट आधीच ठरलेला आहे, ती वाचताना वाचकाचा जीव कशात अडकतो? १९४५ साली ‘अ‍ॅनिमल फार्म’ हातात घेणाऱ्या जाणत्या वाचकाला क्रांतीचे पुढे काय झाले हे माहीत होते. आज तर शाळकरी मुलांनाही ते माहीत असते. असे असूनही बॉक्सरला घेऊन जाणारी गाडी निघते तेव्हा वाचक हादरतो. हे कोष्टकातून उलगडत नाही.

रहस्यकथेत पूर्वसूचन शेवटाची राखण करते. ते इतके पुसट असावे लागते की शेवट कळेपर्यंत लक्षात येऊ नये. रूपकात्मक कादंबरीत राखण्यासारखे रहस्य उरलेलेच नसते. तेथे ‘काय होणार’ हे विचाराच्या आराखड्यानेच सांगून टाकलेले असते, म्हणून सूचनेला वेगळे काम करावे लागते. अटळ वाटणारी गोष्ट कोणाच्या कोणत्या सवयीतून, कोणत्या लहानशा सवलतीतून घडत गेली, हे तिला दाखवायचे असते. माझे म्हणणे असे की रूपकात्मक कादंबरीत स्वभावचित्रण आणि पूर्वसूचन ही दोन निराळी तंत्रे नाहीत. जी सूचना आकाशातून, स्वप्नातून किंवा लेखकाच्या तोंडून येते, ती या प्रकारात फुकट जाते, कारण ती आराखड्याने आधीच सांगितलेलेच पुन्हा सांगते. पात्राच्या वागण्यात मुरलेली आणि वाचताना साधी, बिनमहत्त्वाची वाटणारी सूचना तेवढी टिकते. आणि जे पात्र अशी सूचना वाहू शकते, ते आपल्या लेबलातून बाहेर पडून माणूस होते, मग कादंबरीत ते डुक्कर असो की घोडा.

रूपकाची परंपरा जुनी आहे आणि ही अडचणही तिच्याइतकीच जुनी आहे. अकराव्या शतकातील कृष्णमिश्रांच्या ‘प्रबोधचंद्रोदय’ या संस्कृत नाटकात विवेक, महामोह, श्रद्धा, शांती हीच पात्रे आहेत. जॉन बन्यन यांच्या १६७८ मधील ‘पिल्ग्रिम्स प्रोग्रेस’मध्ये हट्टी माणसाचे नावच हट्टी आणि सहज वळणाऱ्याचे नावच वळणारा. हरि केशवजी यांनी हे पुस्तक १८४१ मध्ये ‘यात्रिकक्रमण’ म्हणून मराठीत आणले, म्हणजे इंग्रजी वळणाची कादंबरी मराठीत रुजण्याच्या आधीच रूपककथा येथे पोचली होती. जेथे नाव हेच भविष्य आहे, तेथे पूर्वसूचनेला जागाच उरत नाही. सहज वळणारा माणूस पहिल्या चिखलात परत फिरणार हे त्याच्या नावानेच सांगितलेले असते. बन्यनसुद्धा खऱ्या अर्थाने पकड घेतात ते एका वेगळ्या ठिकाणी. अज्ञान नावाचा तरुण रस्ताभर आनंदाने, आत्मविश्वासाने बोलत राहतो, चुकतो असे त्याला कधी वाटतच नाही, आणि स्वर्गाच्या दारापर्यंत पोचून तेथून मागे लोटला जातो. तो धक्का नावाने दिलेला नाही. त्या आनंदी बोलण्याने तो प्रसंगाप्रसंगाने तयार केलेला आहे. एकनाथांच्या भारुडांची ताकदही याच जागी आहे. विंचवाच्या भारुडात विंचू म्हणजे कामक्रोध हे श्रोत्याला कळते, पण त्याआधी त्याच्यासमोर एक माणूस वेदनेने तळमळत असतो. आधी देह, मग अर्थ.

आपल्या नाट्यशास्त्राने पताकास्थानक म्हणून ज्या युक्तीची दखल घेतली आहे, तिचेही येथे स्मरण ठेवावे. भवभूतींच्या ‘उत्तररामचरिता’च्या पहिल्या अंकात राम सीतेविषयी बोलताना म्हणतो की तिचे सारेच प्रिय आहे, असह्य आहे तो फक्त विरह, आणि त्याच क्षणी प्रतिहारी येऊन ‘आला आहे’ अशी वर्दी देते. आलेला असतो दुर्मुख, सीतेविषयीचा लोकापवाद घेऊन. प्रेक्षकाला रामकथा पाठ आहे, तरी काटा येतो, कारण संकट रामाच्या प्रेमाच्या उच्चारावरच पाऊल ठेवून आत येते. माहीत असलेल्या शेवटाची सूचना प्रभावी कशी करायची, याचे उत्तर भारतीय नाटककारांना फार पूर्वी सापडले होते.

आता गोल्डिंग. ‘लॉर्ड ऑफ द फ्लाइज’ १९५४ मध्ये आली. सॉल्झबरीच्या शाळेत मुलांना शिकवणारा आणि दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश नौदलात लढलेला माणूस ती लिहीत होता. आर. एम. बॅलंटाइन यांच्या १८५७ मधील ‘द कोरल आयलंड’ या साहसकथेला दिलेले ते उत्तर होते. तेथे राल्फ आणि जॅक या नावांची इंग्रज मुले निर्जन बेटावर शूर, सभ्य आणि आनंदी राहतात. गोल्डिंग तीच दोन नावे घेऊन मुलांना बेटावर सोडतात आणि सभ्यता कोठे कोठे उसवते ते पाहतात. म्हणजे शेवट उघड आहे : ही मुले रानटी होणार. अशा कादंबरीत कौशल्य कोठे दिसते? मला ते सर्वांत जास्त रॉजरमध्ये दिसते. हा मुलगा कोष्टकात ‘क्रूरता’ या एका शब्दात उरकला जातो. पण पहिल्या प्रकरणात नेता कसा निवडायचा यावर घोळ चाललेला असताना मतदान घेऊ या असे सुचवणारा मुलगा रॉजरच आहे. लोकशाहीचे बेटावरचे पहिले वाक्य पुढच्या जल्लादाच्या तोंडी आहे. ही लेखकाची नजरचूक नव्हे. रॉजर अबोल आहे, कोणाला न कळणारा आहे, आणि नियम आहे तोपर्यंत नियमाने चालणारा आहे. त्याच्यात क्रूरता आणि शिस्त या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. त्याला एखाद्या चौकटीची गरज आहे आणि चौकट बदलली की तो बदलतो.

चौथ्या प्रकरणात रॉजर आणि मॉरिस लहान मुलांचे वाळूतले किल्ले तुडवत जातात. पर्सिव्हलच्या डोळ्यांत वाळू जाते; घरी असतो तर या कामाबद्दल शिक्षा झाली असती, ही आठवण मॉरिसला टोचते आणि तो काढता पाय घेतो. रॉजर थांबतो. थोड्या वेळाने तो हेन्री नावाच्या लहानग्यावर दगड मारू लागतो, पण नेम मुद्दाम चुकवून. हेन्रीभोवती काही यार्डांचे एक वर्तुळ आहे आणि त्याच्या आत दगड टाकायची त्याची हिंमत होत नाही. आईबाप, शाळा, पोलीस, कायदा यांनी त्याचा हात बांधून ठेवलेला आहे. येथे सूचना कोठे आहे ते पाहा. रॉजर पुढे खून करील असे हे प्रकरण म्हणत नाही. उलट तो मारत नाही, हेच येथे घडते. वाचकाला दिलासा वाटावा असा हा प्रसंग आहे. पण त्या न मारण्याचे कारण रॉजरच्या मनात नाही, त्याच्या दंडात आहे, आणि तो दंड ज्या जगाने घडवला ते जग दूर कोठेतरी युद्धात कोसळते आहे. दहाव्या प्रकरणात जॅकने एका मुलाला कारण न सांगता बांधून ठेवले आहे हे ऐकून रॉजर विचारात पडतो. जाब न द्यावा लागणारी सत्ता म्हणजे काय, हे त्याला समजू लागते. अकराव्या प्रकरणात तो जॅकच्या टोळीच्या कॅसल रॉक या खडकावर उभा राहून जुळ्या भावांच्या मधे एक लहान दगड फेकतो, याही वेळी नेम चुकवून, आणि त्याच्या अंगात काहीतरी जागे होते. त्यानंतर काही वेळाने तो तरफेवर भार टाकतो आणि पिगीचा जीव घेणारा धोंडा सुटतो. चुकवून मारलेला दगड, पुन्हा चुकवून मारलेला दगड, आणि मग न चुकलेला. हे पूर्वसूचन आहे की स्वभावचित्रण? दोन्ही शब्द एकाच ओळीला लागू पडतात आणि कोठे एक संपतो व दुसरा सुरू होतो हे सांगता येत नाही.

धोंड्याचाही इतिहास पाहावा, कारण तो कोष्टकाला आणखी अडचणीत आणतो. पहिल्या प्रकरणात डोंगरावर जाताना एक प्रचंड दगड खाली ढकलून देण्याची मौज लुटणारी मुले तीन आहेत : राल्फ, जॅक आणि सायमन. म्हणजे ‘सुव्यवस्था’, ‘सत्ता’ आणि ‘संतत्व’ या तिघांनी मिळून, हसतखेळत, पिगीला मारणाऱ्या हत्याराचा पहिला प्रयोग केला. सहाव्या प्रकरणात कॅसल रॉकवर मुले पुन्हा एक दगड समुद्रात ढकलतात, आणि तेव्हा राल्फ चिडतो तो खेळामुळे सुटकेच्या इशाऱ्यासाठी धूर करण्याचे काम मागे पडते म्हणून. त्या खेळात काही वाईट आहे असे त्यालाही वाटत नाही. गोल्डिंग यांनी दुष्टपणाची सूचना दुष्ट मुलापुरती ठेवली असती तर ती बोधकथा झाली असती. त्यांनी ती चांगल्या मुलांच्या निर्मळ आनंदात पेरली, म्हणून ती कादंबरी झाली.

डुकराच्या नाचाचे असेच आहे. चौथ्या प्रकरणात शिकारीनंतर मॉरिस डुकराचे सोंग घेतो आणि मुले मारल्याचे नाटक करतात. सातव्यात रॉबर्ट डुक्कर होतो आणि त्याला खरोखर लागते. गर्दीत राल्फही पुढे सरसावतो, ते अंग दाबावे, दुखवावे ही ओढ त्यालाही होते. खेळ संपल्यावर पुढच्या वेळी एखादा लहान मुलगा घेऊ, असे जॅक गमतीने बोलून जातो. नवव्या प्रकरणात वादळ जवळ येत असताना रॉजर डुक्कर होतो, आणि मग मधेच डुक्कर होणे सोडून शिकाऱ्यांच्या रिंगणात जाऊन उभा राहतो. रिंगणाचा मध्य रिकामा राहतो. नाच चालू आहे, घोष चालू आहे, आणि बळीची जागा मोकळी आहे. तेवढ्यात अंधारातून, भूत म्हणून ज्याची भीती होती तो केवळ मेलेला हवाई सैनिक आहे ही बातमी घेऊन, सायमन रांगत बाहेर येतो. सायमनच्या मृत्यूची सर्वांत भेदक सूचना या मोकळ्या झालेल्या जागेत आहे असे मला वाटते. ती कोणाच्या भाकितात नाही, एका मुलाने भूमिका बदलण्याच्या सवयीत आहे. दुसऱ्या दिवशी पिगी म्हणत राहतो की तो अपघात होता, आपण कडेला होतो, अंधार होता. बुद्धीचे प्रतीक म्हणून आपण ज्याला टिपून ठेवले, तो बुद्धीचा वापर स्वतःला फसवण्यासाठी करतो. पिगीचे हे खोटे बोलणे त्याच्या चष्म्यापेक्षा अधिक काही सांगते.

गोल्डिंग सगळीकडे इतके यशस्वी झाले आहेत असे नाही, आणि जेथे ते चुकतात तेथे कारणही तेच आहे. फेबर अँड फेबर या प्रकाशनसंस्थेत चार्ल्स माँटिथ यांच्या हाती हे हस्तलिखित आले तेव्हा त्याचे नाव वेगळे होते, सुरुवातीला अणुयुद्धाचे लांबलचक वर्णन होते आणि सायमन उघडउघड दैवी साक्षात्कार होणारा मुलगा होता. माँटिथ यांनी युद्धाचा भाग काढायला लावला आणि सायमनचे दैवीपण कमी करायला लावले. तो बदल योग्य होता. सायमनला भोवळ येते, तो लहान मुलांना हात न पोचणारी फळे काढून देतो, तो सभेत बोलायला उभा राहिला की त्याची जीभ अडखळते. भुतासारखे काही असलेच तर ते आपणच असू, एवढे तो कसेबसे म्हणू शकतो. हा सायमन खरा वाटतो. पण डुकराच्या कापलेल्या शिरासमोर तो बसतो आणि ते शीर त्याच्याशी सविस्तर बोलू लागते, तेव्हा कादंबरी आपले सूत्र मोठ्याने वाचून दाखवते. त्या संवादात येऊ घातलेल्या मृत्यूची धमकीही आहे, आणि मला तीच सूचना सर्वांत दुबळी वाटते. पिगीच्या चष्म्याचेही असेच. त्याला दूरचे दिसत नाही असे लेखक सांगतात, आणि मुले त्याच्याच चष्म्याने आग पेटवतात. अशा चष्म्याच्या भिंगाने सूर्यकिरण एकत्र येत नाहीत, फाकतात, त्याने आग पेटणार नाही. ही चूक अनेक वाचकांनी दाखवली आहे. ती क्षुल्लक म्हणून सोडून देता येईल, पण चूक कोणत्या दिशेने झाली ते पाहण्यासारखे आहे. बुद्धीने अग्नी दिला पाहिजे, ही रूपकाची मागणी पिगीच्या डोळ्यांवर मात करून गेली.

ऑर्वेल यांची वाट वेगळी होती, कारण त्यांच्यासमोर कल्पिलेला सिद्धांत नव्हता, घडलेला इतिहास होता. तेथे पात्राला फिरायला जागा आणखी कमी. तरी त्यांनी दुसऱ्या प्रकरणाच्या शेवटी दुधाच्या बादल्या ठेवल्या. क्रांती झाली आहे, सगळे प्राणी आनंदात आहेत, दुधाचे काय करायचे असा साधा घरगुती प्रश्न निघतो. नेपोलियन बादल्यांसमोर येऊन उभा राहतो आणि दुधाचे बघू, आधी पिकाला चला, असे सांगतो. संध्याकाळी दूध नाहीसे झालेले असते. नेपोलियन फारसे बोलत नाही आणि आपले खरे करून घेतो, एवढेच आपल्याला त्याच्याविषयी सांगितले गेले होते. आता ते दिसले. १९४६ मध्ये ड्वाइट मॅक्डोनल्ड यांना लिहिलेल्या पत्रात ऑर्वेल यांनी म्हटले आहे की दूध आणि सफरचंदे डुकरांनी स्वतःकडे ठेवली तीच गोष्टीची कलाटणी समजावी. म्हणजे कलाटणी स्नोबॉलला हाकलण्यात नाही, कत्तलीत नाही, ती या बादल्यांजवळ आहे. पुढे नेपोलियन कुत्र्यांच्या नऊ पिल्लांना आईपासून तोडून माळ्यावर नेतो, त्यांना मी शिकवीन म्हणतो, आणि बाकीचे प्राणी त्यांना विसरतात. या विसरण्यातच सूचनेचे अर्धे काम होते. पिल्ले दडवणे हा नेपोलियनचा स्वभाव. विसरणे हा बाकी सगळ्यांचा. पाचव्या प्रकरणात ती नऊ कुत्री स्नोबॉलवर धावून येतात तेव्हा दोन्ही स्वभाव एकाच क्षणी उघडे पडतात.

बॉक्सरच्या बाबतीत ऑर्वेल यांनी सर्वांत धाडसी गोष्ट केली : त्याचे भविष्य पहिल्याच प्रकरणात स्पष्ट शब्दांत सांगून टाकले. म्हातारा डुक्कर मेजर आपल्या भाषणात त्याला बजावतो की तुझ्या अंगातले बळ संपेल त्या दिवशी मालक जोन्स तुला खाटकाला विकेल. नवव्या प्रकरणात तसेच होते, फक्त विकणारा जोन्स नसतो. भाकीत खरे ठरते आणि तरीही ते सर्वांना फसवते, कारण सगळ्यांनी धोका जोन्सच्या चेहऱ्याशी जोडून ठेवला होता. पण या भाकितावर भागले असते तर बॉक्सर नुसता बळी राहिला असता. मधे सातवे प्रकरण आहे. स्नोबॉल पहिल्यापासून गद्दार होता हे बॉक्सरला पटत नाही आणि तो तसे बोलतो. थोड्याच दिवसांनी कुत्री त्याच्यावर सोडली जातात. तो एका कुत्र्याला खुराखाली सहज दाबून धरतो, आणि चिरडू की सोडू, हे विचारण्यासाठी नेपोलियनकडे पाहतो. सारे बळ त्याच्या पायात आहे आणि निर्णय त्याने दुसऱ्यावर सोपवला आहे. याच क्षणी बॉक्सर हरला. खाटकाची गाडी नंतर येते. त्या गाडीत तो लाथा मारू पाहतो आणि पायांत जोर उरलेला नसतो, तेव्हा वाचकाला आठवते की जोर होता त्या दिवशी त्याने मान वळवून परवानगी मागितली होती. बेंजामिन गाढवाचेही तसेच. त्याला वाचता येते, पण वाचण्याजोगे काही नाही म्हणून तो कधी वाचत नाही. गाडीवरची अक्षरे तो वाचतो तेव्हा उशीर झालेला असतो. संशयी शहाणपण उशिरा बोलते, हे ऑर्वेल यांनी कोठेही सांगितलेले नाही. त्यांनी फक्त एका गाढवाची सवय आधी नोंदवून ठेवली.

याच पुस्तकाच्या छपाईआधी ऑर्वेल यांनी केलेला एक लहान बदल या आढाव्यात महत्त्वाचा आहे. पवनचक्की उडवली जाते तेव्हा नेपोलियनसह सगळे प्राणी जमिनीवर पडतात, असे मुळात होते. मार्च १९४५ मध्ये त्यांनी प्रकाशकाला कळवून ते बदलून घेतले : नेपोलियन सोडून बाकी सगळे. जर्मन सैन्य चालून आले तेव्हा स्टालिन मॉस्कोतच थांबला होता, त्याच्यावर अन्याय होऊ नये, हा हेतू. इतिहासाशी प्रामाणिक राहण्यासाठी केलेल्या या दुरुस्तीने नेपोलियन अधिक भयंकर झाला. भित्रा हुकूमशहा सोपा असतो. न घाबरणाऱ्याची भीती वाटते. रूपक आणि पात्र यांचे वैर असलेच पाहिजे असे नाही, हे या एका शब्दाच्या बदलातून दिसते.

या विवेचनाला विरोध करणारे मुद्दे आहेत आणि ते वजनदार आहेत. पहिला असा की रूपकातील पात्रे मुळात सपाटच असायला हवीत. ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ मध्ये सपाट आणि गोलाकार पात्रे असा भेद केला. एका वाक्यात मावणारे ते सपाट. अँगस फ्लेचर यांनी १९६४ च्या आपल्या अभ्यासात याहून पुढे जाऊन मांडले की रूपकातील पात्र झपाटल्यासारखे वागते, एकाच कल्पनेने पछाडलेले असते, आणि तोच त्याचा धर्म. बॉक्सर दोन घोषवाक्यांवर जगतो हे खरेच आहे. पण फ्लेचर यांचे म्हणणे मान्य केले तरी माझा मुद्दा ढळत नाही. पछाडलेपण हाही स्वभावच आहे, आणि तो वाचकासमोर तयार होत जातो की तयार अवस्थेत आणून ठेवला जातो, हा फरक उरतोच. बॉक्सरचे पहिले घोषवाक्य अधिक काम करण्याचे. नेपोलियन नेहमी बरोबर असतो हे दुसरे नंतर जोडले जाते. कत्तलीनंतर दोष आपल्यातच असला पाहिजे असे म्हणून तो आणखी लवकर उठायचे ठरवतो. पात्र गोलाकार झालेले नाही, पण ते एका दिशेने सरकले आहे, आणि सूचनेला सरकणारे पात्र लागते.

दुसरा आक्षेप नैतिक आहे. गॅरी सॉल मॉर्सन आणि मायकेल आंद्रे बर्नस्टाइन यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपापल्या पुस्तकांत पूर्वसूचनेवरच संशय घेतला. पुढचे ठाऊक असलेला लेखक मागच्या क्षणावर सावली टाकतो आणि त्या क्षणी खुल्या असलेल्या दुसऱ्या शक्यता मारून टाकतो. बर्नस्टाइन यांच्यासमोर तर ज्यूंच्या संहाराचे उदाहरण होते, जेथे ‘त्यांना आधीच कळायला हवे होते’ असे म्हणणे हा मृतांवरचा अन्याय ठरतो. रूपकात्मक कादंबरीवर हा आरोप दुपटीने लागू होतो, कारण तिच्यात अटळपणाच विकला जातो असे म्हणता येईल. मी हा आक्षेप गंभीरपणे घेतो, आणि तो अर्धा स्वीकारतो. ज्या सूचना शकुनासारख्या वरून येतात त्यांच्याबाबतीत तो पूर्ण खरा आहे. पण हेन्रीभोवतीचे ते वर्तुळ पाहा. त्या दिवशी दगड बाहेरच पडला. बॉक्सरच्या खुराखाली कुत्रा होता आणि तो पाय खाली दाबू शकला असता. स्वभावातून येणारी चांगली सूचना दुसरी शक्यता दाखवूनच पहिली घडवते. म्हणून ती मृतांना दोष देत नाही; जिवंत वाचकाला मात्र सोडत नाही.

तिसरा आक्षेप वस्तुस्थितीचा. १९६५ मध्ये टोंगा येथील सहा मुले ‘अता’ नावाच्या निर्जन बेटावर अडकली आणि सुमारे १५ महिने तेथे राहिली. पीटर वॉर्नर या ऑस्ट्रेलियन दर्यावर्दीने १९६६ मध्ये त्यांची सुटका केली. त्यांनी कामे वाटून घेतली, आग विझू दिली नाही, पाय मोडलेल्या मित्राची सेवा केली. रुटगर ब्रेगमन यांनी ही हकिकत जगासमोर पुन्हा आणली आणि गोल्डिंग माणसाविषयी चुकले असा निष्कर्ष काढला. कोष्टक घेऊन बसलेल्या वाचकाकडे याला उत्तर नाही, कारण राल्फ म्हणजे ‘मानवजात’ असेल तर टोंगाची मुलेही मानवजातच आहेत. पण गोल्डिंग यांची मुले अशी अमूर्त नाहीत. ती ठरावीक इंग्रज शाळांतून आली आहेत. जॅक काळ्या झग्यांतल्या गायकमुलांची रांग चालवत येतो आणि आपण मुख्य गायक आहोत म्हणून नेतृत्वावर हक्क सांगतो. पिगीच्या बोलीला हसायचे असते हे कोणालाच शिकवावे लागत नाही. टोंगाची मुले एकमेकांची मित्र होती, कुटुंबांच्या घट्ट जाळ्यात वाढली होती. कादंबरी या विशिष्ट मुलांबद्दल खोटे बोलत नाही. आणि जी मुले आधीच दर्जाच्या उतरंडीत वाढली, ती बेटावर काय नेतील, याची सूचना पहिल्या सभेतच आहे. स्वतः गोल्डिंग आपल्या कादंबरीविषयी सर्व मानवजातीच्या भाषेत बोलत आले, हे येथे सांगितले पाहिजे. पण माझा विश्वास त्यांच्या भाष्यापेक्षा त्यांच्या रॉजरवर जास्त आहे.

एक शेवटची अडचण आल्बेर काम्यू यांच्या ‘प्लेग’ची. १९४७ मधील या कादंबरीत ओराँ शहरात १६ एप्रिलला जिन्यात मेलेला उंदीर सापडतो, मग उंदरांची रास, मग माणसे. नाझी कब्जा हा तिचा उघड संदर्भ होता. रोलाँ बार्थ यांनी १९५५ मध्ये आक्षेप घेतला की रोगाला चेहरा नसतो, जुलूम करणाऱ्याला असतो. वाईटाला जंतूचे रूप दिले की त्यातून जबाबदारी निघून जाते. काम्यूंनी उत्तर दिले, पण मला बार्थ यांचा आक्षेप पूर्णपणे परतवला गेला असे वाटत नाही. उंदीर हे प्रभावी पूर्वसूचन आहे, तरी ते कोणाच्याच स्वभावातून आलेले नाही. कादंबरीला चेहरा मिळतो तो कोतारमध्ये : साथ येण्याआधी पोलिसांच्या भीतीने खचलेला, साथ आल्यावर सगळेच घाबरलेले पाहून खुलणारा, काळ्या बाजारात पैसे करणारा, आणि साथ ओसरू लागली की पुन्हा कोसळणारा माणूस. त्या शहरात पुढे काय होणार होते हे कळायला उंदरांपेक्षा कोतारकडे पाहावे लागते, आणि काम्यूंनी त्याला आणखी पाने द्यायला हवी होती.

मराठीत वि. स. खांडेकर यांच्यापासून जी. ए. कुलकर्णी यांच्यापर्यंत रूपककथेची मोठी संपदा आहे, आणि तिच्यावरचे पुष्कळसे लेखन अजून ‘कोण कशाचे प्रतीक’ या प्रश्नापाशीच थांबते. अर्थ लावणे वाईट नाही. पण जो अर्थ पहिल्या वाचनात हाती येतो त्यासाठी विश्लेषणाची गरज नसते. शिक्षकांना आणि अभ्यासकांना माझी विनंती एवढीच की विद्यार्थ्यांना प्रतीकांचे कोष्टक करायला लावण्याआधी एक पात्र निवडायला सांगावे, त्याची पहिल्या प्रकरणातील एक क्षुल्लक कृती शोधायला सांगावी, आणि तीच कृती पुस्तकात पुन्हा कोठे, किती बदलून येते ते पानापानांवर तपासायला लावावे. रॉजरपासून सुरुवात करायला हरकत नाही.